थायरॉक्सिन आणि कॅल्शियममध्ये ४ तास

ताई, थायरॉईडची गोळी (थायरॉक्सिन) सकाळी उपाशीपोटी घेताय, उत्तम. गडबड आहे ती नाश्त्यानंतरच्या कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांची. त्या थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात पुरेसं जाऊ देत नाहीत. मग टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉक्सिन कमी पडलं की तो वाढतो) वाढलेला दिसतो आणि उगाच डोस वाढतो. मधे ४ तास जाऊ द्या. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, लोह रात्री. चहासुद्धा अर्ध्या-पाऊण तासाने. (जमतं हो!) अ‍ॅसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिथे नुसती वेळ बदलून भागत नाही, पोटातलं आम्लच कमी झालेलं असतं, म्हणून गोळी नीट शोषली जात नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर तपासणीआधी निदान २ दिवस बंद, रिपोर्टच चुकतो. वेळा बदलल्यात की ६-८ आठवड्यांनी टीएसएच परत करून घ्या.