चौदा वर्षांच्या आतलं पाप

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारच्या संस्कारवर्गात नरक शिकवायचा की गाळायचा, असं तू विचारलंयस. गाळता येणार नाही, हे आधीच सांगते. तुझा वर्ग भरतो पंचवटीत. तिथली पोरं क्लासला जाता-येता रामकुंडावर डोकी भादरून बसलेली माणसं बघतात, लाल फडक्यात बांधलेल्या अस्थी बघतात, पिंडाला कावळा शिवेना म्हणून उन्हात ताटकळलेले नातेवाईक बघतात. आजोबा गेले म्हणजे नेमके कुठे गेले, हा प्रश्न त्यांना तुझ्या शिकवण्याच्या कितीतरी आधी पडलेला असतो. त्यातून आता घरोघरी मोबाईल. गरुडपुराणाचं नाव लावून उकळत्या कढ्यांचे व्हिडिओ जेवताना लावून ठेवणारी घरं मला माहीत आहेत. तू गप्प बसलीस तर मुलं उरलेलं तिथून शिकतील. कोणत्या वयाला, कोणत्या सुरात आणि कुणाला उद्देशून सांगायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

तू लिहिलेला तो दुसरीतला मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही. चतुर या उडत्या किड्याच्या शेपटीला दोरा बांधून दुपारभर उडवला, संध्याकाळी चतुर मेला. आणि नेमकं त्याच आठवड्यात वर्गातल्या भिंतीवरच्या त्या ‘करणी तशी भरणी’च्या तक्त्यात त्याला करवत घेतलेले यमदूत दिसले. आता तो रात्री दिवा मालवू देत नाही आणि आईला विचारतो, “मला कुठून कापतील?” कापतील का, असं विचारत नाहीये तो. कापणार हे त्याने धरूनच टाकलंय.

तक्ता आधी उतरव. वर्गाच्या कमिटीतले ज्येष्ठ कुरकुर करतील, करू देत.

त्या मुलाला तो तक्ता इतका का पटला, हे मात्र नीट समजून घे. पियाजे नावाच्या स्विस अभ्यासकाने १९३२ साली मुलांच्या नीतिकल्पनांवरचं त्याचं काम प्रसिद्ध केलं. तो मुलांना दोन गोष्टी सांगायचा. एका मुलाने जेवायला येताना दार ढकललं, दारामागे खुर्चीवर ट्रे होता, पंधरा कप फुटले. त्याला ट्रे ठाऊकही नव्हता. दुसऱ्याने आई घरात नसताना गुपचूप मुरांबा काढायला हात घातला आणि एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणायची, पंधरा कपवाला. हेतू त्यांच्या हिशेबात येतच नव्हता, नुकसान येत होतं. तुझ्या चतुरवाल्याचंही तेच आहे. एक जीव गेला, म्हणजे होतं नव्हतं ते सगळं नुकसान झालं, म्हणून सगळ्यात मोठी शिक्षा. मोठ्यांना हा हिशेब विचित्र वाटेल, त्याला तो अगदी चोख वाटतो. पुढे १९४८ साली मारिया नॅगी या बाईंचं बुडापेस्टच्या मुलांवरचं काम प्रसिद्ध झालं. पाच ते नऊ वर्षांची मुलं मरणाला माणसासारखं कल्पतात, येणारा, उचलून नेणारा कुणीतरी, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे तर त्या माणसाला नाव आहे, रेडा आहे, हातात फास आहे. मग त्या मुलाने दिवा चालू ठेवला तर त्यात नवल ते काय?

आता गंमत बघ. चतुराच्या शेपटीची ही गोष्ट महाभारतात जवळजवळ जशीच्या तशी आहे. आदिपर्वात. मांडव्य ऋषी मौन धरून तप करत होते. चोर त्यांच्या आश्रमात लपले, चोरीचा मालही तिथेच ठेवला. राजाच्या शिपायांनी विचारलं तर मौनामुळे हे बोलेनात. राजाने चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवलं. ते मेले नाहीत. राजाला चूक कळली, त्याने पाय धरले, पण सूळ निघेना. शेवटी तो बाहेरून कापावा लागला, टोक, म्हणजे अणी, आतच राहिलं, म्हणून नाव पडलं अणीमांडव्य. ते टोक अंगात घेऊन हा माणूस थेट यमधर्माच्या दारात गेला आणि विचारता झाला, मी असं कोणतं पाप केलं होतं? यमधर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस.

मांडव्याने मान खाली घातली नाही. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा देतोस म्हणून त्याने प्रत्यक्ष यमालाच शाप दिला. त्या शापाने यम दासीच्या पोटी विदुर होऊन जन्मला. आणि मांडव्याने मर्यादा घालून दिली: चौदाव्या वर्षापर्यंत केलेलं कृत्य पाप म्हणून धरलं जाणार नाही.

‘धर्मात आहे म्हणून सांगतो’ असं म्हणणाऱ्या कमिटीसमोर हीच गोष्ट ठेव. मानसशास्त्राची पुस्तकं नको काढूस, ती लगेच ‘परदेशी’ ठरतात. मुलांना नरकाची भीती घालणं परंपरेतच नामंजूर झालंय, आणि ज्याने ती शिक्षा दिली त्याला त्याबद्दल खाली यावं लागलंय. याहून वरचं कोर्ट कुठून आणायचं?

कुणीतरी भागवत उघडून दाखवेल. पाचव्या स्कंधाच्या शेवटच्या अध्यायात अठ्ठावीस नरकांची यादी आहे: रौरव, कुंभीपाक, असिपत्रवन वगैरे. किडामुंगीला छळणाऱ्यांसाठी अंधकूपही आहे त्यात. असू दे. हे कुणाला सांगितलंय ते विचार. परीक्षिताला. ध्यानस्थ ऋषीच्या गळ्यात मेलेला साप अडकवणाऱ्या, सात दिवसांत मरणार असलेल्या एका प्रौढ राजाला. आणि ते ऐकून राजा लगेच विचारतो, यातून माणूस सुटेल कसा? सहावा स्कंध तिथूनच सुरू होतो, अजामिळ नावाच्या पापी माणसाच्या सुटकेने. यादीच्या शेवटीही हेच आहे की भोग सरले की जीव परत जन्माला येतो. म्हणजे आपल्या नरकालाही मागचं दार आहे. तक्ते छापणारे ते दार कधी छापत नाहीत. गरुडपुराणही वाचतात ते सुतकातल्या घरी, मोठ्या माणसांपुढे. दुसरीतलं पोर तिथे कोपऱ्यात बसलेलं असतं, पण ते त्याच्यासाठी लावलेलं नसतं.

यम दाखवायचाच असेल तर कठोपनिषदातल्या नचिकेताचा दाखव. बाप रागाच्या भरात म्हणाला, तुला मृत्यूला दिला. पोरगा गेला. यम घरी नव्हता, तीन रात्री उपाशी दारात बसला. यम आल्यावर ओशाळला, ब्राह्मण अतिथी उपाशी राहिला म्हणून तीन वर देऊ केले. पहिल्या वरात या मुलाने काय मागितलं? माझ्या बापाचा राग शांत होऊ दे. ब्रह्मज्ञान नंतर. मला ही जागा फार खरी वाटते. लहान मुलाच्या मनातला नरक कितीही ज्वाळांनी भरलेला असो, त्याच्या तळाशी बहुतेक वेळा हेच असतं: आई-बाबा माझ्यावर कायमचे रागावले तर?

म्हणून त्या मुलाच्या आईशी बोलशील तेव्हा घरात काय बोललं जातं ते हळूच विचार. ‘खोटं बोललास तर जीभ झडेल’, ‘देवबाप्पा कान कापेल’, ‘मीठ सांडलंस, आता देवाघरी पापण्यांनी वेचावं लागेल’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. मिठाची ती धमकी ऐकून कितीतरी बायका अजूनही सांडलेलं मीठ दचकून गोळा करतात, चांगल्या साठीतल्या. आजीला मात्र दोषी धरू नकोस. तिलाही हे तिच्या आजीने दिलं, आणि नातू हाताबाहेर जाऊ नये एवढाच तिचा हेतू. तिला एक काम दे: मांडव्याची गोष्ट तिनेच नातवाला सांगायची. भीती जिच्या तोंडून आली तिच्याच तोंडून सुटकाही यावी.

आता मुलाचं. त्याला सगळ्यांसमोर काही विचारू नकोस. वर्ग सुटल्यावर चपला घालता घालता, सहज. ‘घाबरू नकोस’ म्हणू नकोस, त्याने भीती जात नाही, फक्त लपते. तक्त्यात काय पाहिलंस ते सांग म्हण, हवं तर चित्र काढू दे. मग चौदा वर्षांची मर्यादा सांग आणि त्याच्या वयाची वजाबाकी त्यालाच करू दे. “म्हणजे चौदानंतर कापतात?” असं तो विचारेल, मुलं विचारतातच. तेव्हा सांग, मोठ्या माणसाला चूक दुरुस्त करता येते, आणि त्याची सुरुवात तुला आत्तासुद्धा करता येईल. चतुराचं त्याला मनापासून वाईट वाटतंय, ते वाईट वाटणं पुसून टाकू नकोस. गच्चीवर पक्ष्यांना पाण्याचं भांडं ठेव, रोज तूच भर, एवढं सांग. पुण्य परउपकार, पाप ते परपीडा, हे तुकोबांनी एका ओळीत सांगितलंय, आणि त्यात करवत नाही.

“बाई, खरंच असतो का हो नरक?” असं कुणी विचारलं तर खोटं बोलू नकोस. मी पाहिलेला नाही, जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय, माणसाने माणसाला छळू नये म्हणून लिहिलंय असं मला वाटतं, एवढं पुरे. शरणपूर रोडचा ख्रिस्ती मित्र वेगळं सांगतो, भद्रकालीतला मुसलमान मित्र अजून वेगळं, असं आलं तर ‘त्यांच्या घरी तसं सांगतात’ म्हणून पुढे जा. कुणाचा नरक जास्त भयंकर याची शर्यत वर्गात लागू द्यायची नाही.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेव. महिन्याभरातही झोप लागेना, सारखे हात धुणं, एकच स्तोत्र चुकलं म्हणून पहिल्यापासून म्हणणं, ‘मला पाप लागलं का’ हे दिवसातून वीस वेळा विचारणं, असं दिसलं तर हे गोष्टींनी सुटणारं नाही. दर वेळी ‘नाही रे, नाही लागलं’ म्हणत राहिलं तर विचारणं उलट वाढतं. मुलांच्या समुपदेशकाकडे पाठव. आई बिचकली तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर दे, फुकट आहे आणि रात्रीही लागतो. भीती रात्रीच वाढते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

येत्या रविवारी मांडव्य सांगणार असशील तर सुळाचं वर्णन एका वाक्यात उरक. रक्त आलं का, असं मागच्या रांगेतून विचारतीलच. आलं, म्हण, आणि यमाच्या दारात चल. तिथे आवाज चढव. ऋषी यमाला रागावतो ती जागा मुलांना दोनदा ऐकायची असते.

तुझी,
बाई