आजीच्या कानबाईच्या गाण्यांच्या कॅसेटमधली खरखर कमी खर्चात कशी घालवावी?

कॅसेट १९८०च्या दशकातली, घरच्या मोनो (एकाच चॅनलच्या) टेपवर भरलेली, आणि आता लॅपटॉपवर घेताना ‘स्सss’ जास्त ऐकू येतं, असं तुम्ही लिहिलंय. थोडा हिस (हाच ‘स्सss’ आवाज) टेपचाच असतो, तो पूर्ण जाणार नाही.

आधी टेपचं हेड (फितीला टेकून आवाज वाचणारा भाग) पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायच्या काडीचा कापूस, बस्स. आमच्या धुळ्याकडच्या धुळीत हेडवर तपकिरी थर हमखास सापडतो. मग हेडशेजारचा अझिमथचा (हेडचा तिरकेपणा ठरवणारा) स्क्रू कॅसेट चालू असताना अगदी किंचित फिरवा. आजीचा आवाज सगळ्यात खणखणीत येईल तिथे थांबा. इथे घाई करू नका, अर्धं काम हेच आहे. आवाज मुळातच स्वच्छ आला की पुढे हिस कमी कापावा लागतो.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, ते स्वतःच खरखरतं. लाइन-इन (टेपसारख्या यंत्रातून आवाज घ्यायचं भोक) असलेलं साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या. टेपवरचं डॉल्बीचं (हिस कमी करायचं) बटण बंदच ठेवा, कारण भरताना ते नव्हतं.

रेकॉर्डिंग वेव्ह (WAV) फाइलमध्ये, सर्वांत मोठा आवाज -६ डेसिबलच्या आत. कॅसेट मोनो असल्याने स्टिरिओ डेकवर (कॅसेट प्लेअरवर) वाजवून डावा-उजवा दोन्ही चॅनल एकत्र करा. हिस सुमारे ३ डेसिबल फुकटात उतरतो.

शेवटी ऑडॅसिटी, हे आवाज संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर. गाणं सुरू व्हायच्या आधीचा नुसता हिस निवडून ‘नॉइज प्रोफाइल’ (हिसचा नमुना) घ्या, मग पूर्ण रेकॉर्डिंग निवडून हिस ६ ते ९ डेसिबलच कमी करा. २० केलंत तर आजी पाण्याखालून गातेय असं वाटेल (मी केलंय). मूळ फाइल मात्र पुसू नका.