लेट्रोझोल आधी की चिनी काढा आधी?

तुमचा प्रश्न मला असा कळला: वय ३४, पीसीओएस (हार्मोन्स बिघडून बीजांड नियमित न सुटण्याचा त्रास), मूल व्हावं म्हणून दोन वर्षं प्रयत्न चालू. गायनॅकने लेट्रोझोल, म्हणजे बीजांड सुटायला मदत करणारी गोळी, सुरू करायला सांगितलंय. सिंगापुरातल्या ऑफिसातली चिनी मैत्रीण मात्र म्हणतेय की आधी सहा महिने टीसीएमवाल्याकडे (म्हणजे पारंपरिक चिनी वैद्याकडे) काढे घे, गर्भाशय 'गरम' होऊ दे, गोळ्या नंतर. माझी इथे बरीच वर्षं गेलीत आणि हे काढे मी स्वतः प्यायलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: काढा घ्यावासा वाटला तर घ्या, पण त्यापायी लेट्रोझोल पुढे ढकलू नका.

टीसीएमवाल्याकडे गेल्यावर काय होतं ते सांगते. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघतात, जीभ बघतात, पाळीचा रंग, गाठी, दुखणं, झोप, पाय गार पडतात का, सगळं विचारतात. घाईत असलेल्या गायनॅककडे हे कुणी विचारत नाही, त्यामुळे पहिल्याच भेटीत बरं वाटतं. मग बहुतेक 'तुमची किडनी कमजोर आहे' असं ऐकायला मिळेल. घाबरून क्रिएटिनिन तपासायला धावू नका. त्यांच्या शास्त्रात किडनी म्हणजे प्रजननशक्तीचा साठा, लघवी गाळणारा अवयव नव्हे. पीसीओएसवाल्यांना त्याच्या जोडीला कफ आणि ओलावा साठल्याचंही सांगतात, हे आपल्याला ओळखीचं वाटेल. पथ्य मात्र उलटं वाटेल. आपल्याकडे दिवस राहिले की पपईसारख्या उष्ण पदार्थांची धास्ती, इथे सगळी भीती थंडाची: बर्फाचं पाणी बंद, कलिंगड बंद, काकडी बंद.

औषध म्हणजे एक वनस्पती नसते, सात-आठ ते पंधरा घटकांचं मिश्रण असतं आणि पाळीच्या टप्प्यानुसार ते बदलतात. पाया बऱ्याचदा सी वू तांगचा. त्यात दांग ग्वे, शू दी, बाई शाओ आणि च्वान श्योंग असे चार घटक, आणि हा पाठ सोंग राजवटीपासून चालत आलेला आहे. त्यात 'किडनी'साठी तू सी झी घालतात, म्हणजे आपल्या अमरवेलीच्या कुळातल्या वेलीचं बी. घरी मातीच्या भांड्यात उकळत बसायला नको असेल तर तयार पूड मिळते, गरम पाण्यात ढवळून प्यायची. चवीबद्दल न बोललेलं बरं.

शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. 'रक्त वाढवायला' देतात ते अजिआओ गाढवाच्या कातड्यापासून करतात. हरणाच्या शिंगाचा डिंक वापरतात, आणि जुन्या पाठांमध्ये वाळवलेली मानवी वारसुद्धा आहे. विचारलं नाही तर कुणी आपणहून सांगत नाही.

आता मुद्द्याचं. याने मूल होतं का? पीसीओएसमधल्या चिनी काढ्यांवर कॉक्रेनचा (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) २०१६चा आढावा आहे. त्यात पाच चाचण्या आणि ४१४ बायका होत्या. क्लोमिफेनला (हीही बीजांड सुटायचीच गोळी) काढ्याची जोड दिल्यावर गर्भधारणा थोडी वाढल्यासारखी दिसली, पण पुरावा कच्च्या दर्जाचा होता आणि मूल जन्माला आलं का, हे एकाही चाचणीने नोंदवलेलं नव्हतं. आपल्याला तर तेवढंच हवं असतं.

मोठ्या चाचण्यांचं चित्र आणखी स्पष्ट आहे, आणि त्या चीनमध्येच झाल्यात, त्यामुळे पाश्चात्त्यांचा पूर्वग्रह वगैरे म्हणायची सोय नाही. पीसीओएस असलेल्या १,००० बायकांवर ॲक्युपंक्चर आणि क्लोमिफेनची चाचणी झाली, निकाल २०१७ साली आले. क्लोमिफेन घेणाऱ्यांत साधारण २८-२९ टक्क्यांना मूल झालं, न घेणाऱ्यांत १४ ते १७ टक्क्यांना. सुया खऱ्या होत्या की नावापुरत्या, याने फरक पडला नाही. दुसरी चाचणी तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळची. ह्वांग ल्यान या चिनी वनस्पतीतला बर्बेरीन हा घटक (आपल्या दारुहळदीतही हाच असतो) आणि लेट्रोझोल यांची तुलना ६४४ बायकांवर केली होती. नुसत्या लेट्रोझोलने ३६ टक्क्यांना मूल झालं, नुसत्या बर्बेरीनने २२ टक्क्यांना, दोन्ही मिळून ३४ टक्क्यांना. म्हणजे जोड देऊन काही वाढलं नाही, आणि लेट्रोझोलऐवजी बर्बेरीन घेतलं तर घाटाच.

बर्बेरीन गरोदरपणात नको, हेही इथेच सांगते. जी६पीडी (लाल रक्तपेशी जपणारं एक एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या नवजात बाळांना त्यामुळे गंभीर कावीळ होऊ शकते, म्हणून सिंगापूरने १९७८ साली त्यावर बंदी घातली होती. ती पुढे उठवली, पण गरोदरपणात जपायचं ते जपायचंच.

माझं म्हणाल तर काढ्यांनी पाळीतलं दुखणं कमी झालं, झोपही सुधारली. मूल मात्र आयव्हीएफने झालं आणि त्या काळात काढे पूर्ण बंद होते. क्लिनिकने तसं बजावलंच होतं. दांग ग्वेने रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम वाढू शकतो आणि आयव्हीएफमध्ये काही जणींना ॲस्पिरिन किंवा हेपॅरिन देतात. लेट्रोझोल चालू असतानाही काय पिताय ते गायनॅकला सांगा, पुडीचा फोटो दाखवा. टेस्ट पॉझिटिव्ह आली की काढा त्याच दिवशी थांबवा आणि पुढचं गायनॅकला विचारूनच ठरवा. 'गर्भ टिकवायचे' काढे वेगळे असतात आणि ते लगेच पुढे केले जातात.

जायचंच ठरवलं तर इथल्या टीसीएम बोर्डाच्या यादीत नाव तपासून जा. ॲक्युपंक्चर करणारे आणि काढे देणारे फिजिशियन यांची नोंदणी वेगळी असते. ऑनलाइन पाकिटं, कुणाच्या मावशीने मलेशियातून आणलेली पूड, यातलं काही घेऊ नका. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली आणि शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या बिघडल्या, खऱ्याखुऱ्या किडन्या. सांधेदुखीसाठी कुणी लेई गोंग तंग सुचवलं तर त्याला हातही लावू नका. त्याने पाळी बंद पडते, अंडाशय निकामी होऊ शकतात.

पस्तिशीच्या उंबरठ्यावर सहा महिने ही लहान गोष्ट नाही. पस्तिशीनंतर तर सहा महिन्यांतच तपासण्या सुरू करा म्हणतात, आणि तुमची दोन वर्षं झालीच आहेत. मैत्रिणीला नाराज करायचं नसेल तर गरम पाणी प्या, आल्याचा चहा घ्या, त्याने काही बिघडत नाही.

एक राहिलं. तुमच्या प्रश्नात नवऱ्याच्या तपासणीचा उल्लेख नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, आणि सिमेन ॲनालिसिस ही सगळ्यात सोपी तपासणी आहे. झाली नसेल तर लेट्रोझोलची पहिली गोळी घ्यायच्या आधी करून घ्या, आणि ट्यूब मोकळ्या आहेत का हेही गायनॅकला विचारा.