पारंपरिक स्पोर्ट्स कारला हायब्रिड यंत्रणा मानवते का?

हलकी, चपळ, इंजिनाच्या आवाजावर आणि पेडलच्या प्रतिसादावर जिवंत वाटणारी गाडी हायब्रिड केली, म्हणजे इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि विद्युत मोटर दिली, तर तिचा मूळ स्वभाव टिकतो का, असं तुम्ही विचारलं आहे. माझं उत्तर: टिकतो, पण एका अटीवर. बॅटरी लहान हवी आणि मोटरने इंजिनाला हातभार लावायला हवा, त्याची जागा घेऊ नये. ही अट मोडली की गाडी आकड्यांत वेगवान होते आणि हातात जड लागते. हजार-अकराशे किलोच्या, हाताने गिअर बदलायच्या दोन आसनी गाडीला मात्र सध्या हायब्रिड करूच नये, असं माझं मत आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

सगळं गणित बॅटरीच्या वजनापासून सुरू होतं. २०२४ साली आलेल्या पोर्शे ९११ कॅरेरा जीटीएसमध्ये १.९ किलोवॅट-तासाची बॅटरी आहे; तिचं वजन २७ किलो. मॅकलारेन आर्टुराची बॅटरी ७.४ किलोवॅट-तासाची, वजन ८८ किलो, आणि मोटर वगैरे धरून हायब्रिड सामान १३० किलोंच्या घरात. बीएमडब्ल्यूच्या नव्या एम५मध्ये वापरता येण्याजोगी क्षमता १८.६ किलोवॅट-तास आहे आणि गाडी २,४३५ किलोंवर गेली आहे. एम५ ही चार दारांची सेडान आहे हे मान्य, पण बॅटरी वाढली की ती पेलायला लागणारी चौकट, शीतकरण, रुंद टायर आणि मोठे ब्रेकही वाढतात, हे तिथे स्पष्ट दिसतं.

आता प्रश्न असा की एवढीशी बॅटरी पुरते का? हिशोब करून बघा. वळणातून बाहेर पडताना ४० किलोवॅटची मोटर तीन सेकंद पूर्ण जोराने चालली, तर खर्च होते १२० किलोज्यूल ऊर्जा, म्हणजे ०.०३३ किलोवॅट-तास. १.९ किलोवॅट-तासाच्या बॅटरीतला हा पन्नासावा भागही नाही. स्पोर्ट्स कारला वीज लागते ती अशी, घोटाघोटाने. मोठी बॅटरी लागते ती इंजिन बंद ठेवून किलोमीटरच्या किलोमीटर जाण्यासाठी, आणि ते काम स्पोर्ट्स कारचं नव्हे.

लहान बॅटरीचा खरा उपयोग कुठे होतो, तर टर्बोची दिरंगाई झाकण्यात. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा; त्याचं चाक एक्झॉस्टच्या जोरावर फिरतं. मोठी ताकद हवी तर चाक मोठं लागतं, आणि मोठं चाक वेग घ्यायला वेळ लावतं. म्हणून आधीच्या ९११ जीटीएसच्या ३.० लिटर इंजिनावर दोन लहान टर्बो होते. नव्या ३.६ लिटर इंजिनावर एकच मोठा टर्बो आहे आणि त्याच्या कॉम्प्रेसर व टर्बाइनच्या मध्ये एक विद्युत मोटर बसवली आहे. ॲक्सलरेटर दाबला की एक्झॉस्टची वाट न बघता ही मोटर चाक फिरवते. एक्झॉस्टमध्ये जोर जास्त असतो तेव्हा तीच मोटर जनरेटर होऊन ११ किलोवॅटपर्यंत वीज परत देते. दुसरी मोटर आठ गिअरच्या पीडीके गिअरबॉक्समध्ये (पोर्शेचा आपोआप गिअर बदलणारा, दोन क्लचचा गिअरबॉक्स) आहे: ४० किलोवॅट, १५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). इंजिन आणि मोटर मिळून गाडी ५४१ अश्वशक्ती आणि ६१० न्यूटन-मीटर देते.

मला या रचनेत सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की विजेचं सामान आलं तेव्हा बरंच जुनं सामान गेलं. एक टर्बो गेला. इंजिनाच्या तोंडाशी असणारा पट्टा गेला, कारण एसीचा कॉम्प्रेसर आता उच्च दाबाच्या विजेवर चालतो. त्यामुळे इंजिन इतकं बुटकं झालं की इन्व्हर्टर आणि १२ व्होल्टचा कन्व्हर्टर त्याच्या डोक्यावरच मावले. निव्वळ वाढ ५० किलोंची, एकूण १,५९५ किलो. आधीच्या जीटीएसमध्ये एका टनामागे सुमारे ३११ अश्वशक्ती होती, आता ३३९ आहे. कोणतीही हायब्रिड स्पोर्ट्स कार तपासताना पहिला प्रश्न हाच विचारा: यंत्रणा आली, तर तिच्या बदल्यात काय काढलं? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर ती हायब्रिड यंत्रणा गाडीवर नुसती लादलेली आहे.

जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकच्या उत्तर वळसा मार्गावर ही गाडी आधीच्यापेक्षा ८.७ सेकंदांनी लवकर आली (७ मिनिटं १६.९३४ सेकंद), हा आकडा हायब्रिडच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो. त्याचं सगळं श्रेय मोटरला देऊ नका. मागचे टायर रुंद झाले आहेत, मागच्या चाकांचं स्टिअरिंग आता मूळ गाडीतच मिळतं, हवेचा प्रवाह सांभाळणाऱ्या झडपाही आल्या आहेत.

ब्रेक लावताना मोटर जनरेटर होऊन बॅटरी भरते; या परत मिळणाऱ्या ऊर्जेबद्दल बरेच गैरसमज आहेत. चालकासह १,७०० किलोची गाडी ताशी २०० किमीवरून ८० किमीवर जोरात आणली, तर साधारण २.२ मेगाज्यूल ऊर्जा साडेतीन सेकंदांच्या आत जिरवावी लागते. ही सरासरी ६५० किलोवॅट झाली. ४० किलोवॅटची मोटर त्यातले सहा टक्के घेईल. बाकीचं सगळं डिस्क आणि पॅडवर. म्हणजे ट्रॅकवर हायब्रिडमुळे ब्रेक वाचतात, हे छोट्या मोटरच्या गाडीबाबत खरं नाही. रस्त्यावर उलटं होतं. ६० किमीवरून अलगद, ०.२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या भागाइतक्या) जोराने ब्रेक लावला, तर सुरुवातीलाच जेमतेम ५५ किलोवॅट लागतात आणि वेग उतरेल तसे कमी होतात. तिथे मोटर बहुतेक काम उचलते. त्याचा दुष्परिणाम असा की लोखंडी डिस्क फारशा तापत नाहीत, त्यांच्यावर गंज धरतो आणि पॅडचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो. पंधरा दिवसांतून एकदा, मागे वाहन नसताना, ८० किमीवरून चार-पाच वेळा ठाम ब्रेक लावावेत.

मोटर कुठल्या धुरीवर (ॲक्सलवर) आहे, हेही इथे लक्षात घ्या. ब्रेक लावताना वजन पुढे झुकतं, मागच्या टायरची पकड घटते. मागच्या धुरीवरच्या मोटरने जास्त ओढलं तर वळणात शिरताना गाडीचा मागचा भाग हलका होऊन भरकटतो, म्हणून तिथे मर्यादा घालावी लागते. शेव्हरोले कॉर्व्हेट ई-रेमध्ये मोटर पुढच्या धुरीवर आहे, मागची चाकं ६.२ लिटरचं व्ही८ (आठ सिलिंडरचं) इंजिन ओढतं आणि १.९ किलोवॅट-तासाची बॅटरी दोन आसनांच्या मधल्या बोगद्यात आहे. चार्जिंगची वायर लावायची सोयच नाही. तिची बॅटरी ज्या जागी ठेवली आहे ती मला विशेष पटते: वजन गाडीच्या मध्याजवळ आणि खाली असेल, तर तेवढेच किलो दिशा बदलताना पुष्कळ कमी जाणवतात.

आता पेडल. मोटरचा आणि पॅडचा ब्रेक एकमेकांत मिसळताना पायाला कळता कामा नये. हे तपासायची पद्धत सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर ५० किमीवरून पेडल एकाच दाबाने धरून गाडी थांबवा. १५ ते १० किमीच्या दरम्यान मोटर हात सोडते आणि पॅड काम घेतात. तिथे गाडी पुढे निसटल्यासारखी किंवा अचानक चावल्यासारखी वाटली तर मिश्रण कच्चं आहे. हीच चाचणी बॅटरी पूर्ण भरलेली असताना पुन्हा करा. भरलेल्या बॅटरीत वीज घालायला जागा नसते, त्यामुळे सगळा भार पॅडवर येतो आणि पेडलचा स्वभाव बदलू शकतो. या दोन वेळांमध्ये पायाला फरक जाणवला, तर वळणाआधी नेमका किती दाब द्यायचा हा तुमचा अंदाज कधीच पक्का होणार नाही.

हायब्रिडचं नाव ज्याने खराब झालं, ते म्हणजे इंजिन लहान करणं. मर्सिडीज-एएमजी सी६३मध्ये ४.० लिटर व्ही८ काढून २.० लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि मागे १५० किलोवॅटची मोटर दिली. एकत्रित ताकद ६८० अश्वशक्ती, वजन सुमारे २,१०० किलो. मोटरची ती पूर्ण ताकद दहा सेकंदांपुरतीच मिळते. कागदावर हे जुन्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त आहे. पण ज्यांना ती गाडी हवी होती त्यांना तो व्ही८ हवा होता. लँबोर्गिनीने रेव्हुएल्टोमध्ये नेमकं उलटं केलं: टर्बो नसलेलं ६.५ लिटरचं व्ही१२ ठेवलं, तीन मोटर जोडल्या आणि बॅटरी ३.८ किलोवॅट-तासावर थांबवली. आवाज आणि वर चढत जाणारे इंजिनाचे फेरे हाच जिचा प्राण आहे, त्या गाडीत विजेचं काम इंजिनाचा जोर कमी पडतो तिथली पोकळी भरायचं असावं.

हाताने गिअर बदलण्याचा आणि हायब्रिडचा मेळ तांत्रिकदृष्ट्या बसतो. होंडाच्या सीआर-झेडमध्ये २०१० साली १.५ लिटरचं इंजिन, इंजिन आणि क्लच यांच्यामध्ये १० किलोवॅटची पातळ मोटर आणि सहा गिअरचा हाताचा गिअरबॉक्स होता. अडचण दुसरी आहे. क्रँकशाफ्टला जोडलेल्या मोटरचं रोटर हे जादा फिरतं वजन असतं. क्लच दाबल्यावर फेरे पटकन उतरत नाहीत आणि वरचा गिअर टाकताना धक्का बसतो. मोटरकडून उलटा टॉर्क देऊन हे सुधारता येतं, पण त्यासाठी संगणकाला चालकाचा पाय काय करणार आहे याचा अंदाज बांधावा लागतो. ९११ जीटीएस फक्त पीडीकेमध्ये मिळते. हाताचा गिअरबॉक्स हवा असेल तर त्याच पिढीतली ९११ कॅरेरा टी आहे, हायब्रिड नसलेली, १,४७८ किलोची. मला निवड करायची झाली तर वळणावळणाच्या घाटरस्त्यासाठी मी टी घेईन आणि ट्रॅकसाठी जीटीएस.

माझ्दा एमएक्स-५सारख्या टनाच्या आसपासच्या गाडीत हायब्रिड सामानाचे साठ किलो म्हणजे वजनाचे सहा टक्के. तिच्या इंजिनाला टर्बो नाही, म्हणजे झाकायला दिरंगाईच नाही. मोटर तिथे जो प्रश्न सोडवणार, तो मुळात पडलेलाच नाही.

प्लग लावून चार्ज करायची स्पोर्ट्स कार घेत असाल, उदाहरणार्थ फेरारी २९६ जीटीबी किंवा आर्टुरा, तर एक चूक टाळा. गाडी विजेवर निघते, रस्ता मोकळा होताच तुम्ही ॲक्सलरेटर तळाला नेता आणि थंडगार इंजिन थेट मोठ्या भाराखाली जागं होतं. तेल घट्ट, पिस्टन आणि सिलिंडरमधलं अंतर अजून नेमकं झालेलं नाही. झीज इथेच होते. जोरात चालवायचं ठरलं असेल तर निघतानाच इंजिन चालू राहील असा मोड निवडा, तेलाचं तापमान ८० अंशांवर जाईपर्यंत इंजिनाच्या मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या खाली राहा. पाण्याचं तापमान तेलाच्या आधी वर येतं, त्यावर विसंबू नका. छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन वारंवार दोन-तीन मिनिटंच चालत असेल, तर पेट्रोल आणि ओलावा तेलात साचतो. अशा गाडीचं तेल किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदा बदला.

ट्रॅकवर बॅटरीचं तापमान वाढलं की संगणक मोटरची ताकद कमी करतो. हे बिघाडाचं लक्षण नव्हे, पण सरळ पट्ट्यावर गाडी अचानक सुस्त वाटते आणि पुढच्या वळणाचा ब्रेकबिंदू चुकतो. तीन-चार जोरकस वळशांनंतर एक वळसा निवांत घ्या आणि गाडी उभी केल्यावर शीतकरणाचे पंप थांबेपर्यंत मुख्य स्विच बंद करू नका.

वापरलेली गाडी बघायला जाताना तीन गोष्टी लेखी मागा: बॅटरीची उरलेली क्षमता, इन्सुलेशनच्या बिघाडाचे नोंदवलेले कोड, आणि बॅटरीच्या शीतकरणात कोणतं द्रव भरलं आहे त्याची नोंद. काही गाड्यांना तिथे कमी विद्युतवाहक द्रवच लागतं, साधं कूलंट टाकलेलं चालत नाही. बॅटरी मॉड्यूलनिहाय दुरुस्त होते की अख्खी बदलावी लागते, आणि ट्रॅकवरचा वापर वॉरंटीतून वगळला आहे का, हेही विचारा. महिनाभर उभी ठेवायची असेल तर १२ व्होल्टची बॅटरी देखभाल-चार्जरवर ठेवा. ती लिथियमची असेल तर चार्जरही लिथियमला चालणारा हवा. मोठ्या बॅटरीचे रिले (तिला गाडीशी जोडणारे विद्युत स्विच) याच १२ व्होल्टवर जुळतात, त्यामुळे ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही. प्लगची गाडी निम्म्या चार्जवर उभी करा, रिकामी नको. प्लग नसलेली गाडी महिन्यातून एकदा अर्धा तास बाहेर काढून चालवा. आणि नारिंगी रंगाच्या केबलला, गाडी बंद असली तरी, स्वतः हात लावू नका: वीजपुरवठा तोडल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं जीवघेणा दाब उरतो.