वडील वॉर्डात आहेत आणि संशोधनाच्या कागदावर सही मागितली आहे. सही करावी का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: वडिलांना मधुमेह आहे, पायाची जखम चिघळल्याने त्यांना खानदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्जरीच्या वॉर्डात दाखल केले आहे, आणि एका तरुण निवासी डॉक्टरने साधे ड्रेसिंग व व्हॅक्यूम ड्रेसिंग यांची तुलना करणाऱ्या अभ्यासासाठी आपल्याकडे संमतिपत्रावर सही मागितली आहे. सही दिली तर वडिलांवर प्रयोग होईल का, आणि नाकारली तर उपचारांत हयगय होईल का, असे आपण विचारता.

मी डॉक्टर नाही. चोपडा तालुक्यात तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालो आणि त्यानंतर अशाच एका महाविद्यालयाच्या नैतिकता समितीवर (रुग्णांवरील संशोधन तपासून त्याला मंजुरी देणाऱ्या समितीवर) 'सामान्य व्यक्ती' या जागेसाठी माझी निवड झाली. ही जागा शोभेची नाही. नव्या औषधांच्या चाचण्यांसंबंधी २०१९ चे जे केंद्रीय नियम आहेत, त्यांनुसार समितीत किमान सात सदस्य लागतात, त्यांतले निम्मे संस्थेबाहेरचे असावे लागतात, अध्यक्षही बाहेरचाच असतो, आणि बैठकीला डॉक्टर, औषधशास्त्राचा जाणकार, कायदा जाणणारा आणि समाजशास्त्राचा अभ्यासक यांच्या जोडीला एक सामान्य माणूस हजर नसेल तर औषधाच्या चाचणीला मंजुरी देताच येत नाही. म्हणजे मी तापाने घरी झोपलो आणि माझ्या जागी दुसरा कोणी नसला, तर तज्ज्ञांनी भरलेली खोलीही त्या दिवशी तो विषय पुढे नेऊ शकत नाही. सर्व विभागांची कागदपत्रे या निमित्ताने माझ्या हाताखालून जातात, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

आधी हे संशोधन येते कुठून ते पाहू. एम.डी. किंवा एम.एस. करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला तीन वर्षांच्या शिक्षणात एक शोधप्रबंध लिहावा लागतो. त्याला सगळे 'थिसिस'च म्हणतात. विषयाचा आराखडा प्रवेशानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच द्यावा लागत असल्याने ठरावीक काळात आमच्यासमोर गठ्ठेच्या गठ्ठे येतात. औषध कंपन्यांच्या चाचण्या आमच्याकडे क्वचित येतात. लोकांच्या मनात 'प्रयोग' म्हटले की तेच चित्र असते. प्रत्यक्षात बहुतांश अभ्यास केवळ निरीक्षणाचे असतात. मेडिसिनचा निवासी कपाशीवरील फवारणीच्या औषधाने विषबाधा झालेल्यांची किंवा सर्पदंशानंतर मूत्रपिंडावर परिणाम झालेल्यांची नोंद ठेवतो, बालरोग विभाग सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेल्या कुपोषित मुलांचे वजन आणि दंडाचा घेर मोजतो, स्त्रीरोग विभाग गरोदरपणातील रक्तक्षयाचा मागोवा घेतो आणि पॅथॉलॉजी तर तपासणीसाठी आधीच घेतलेल्या नमुन्याच्या उरलेल्या भागावरच काम करते. यांत रुग्णाच्या उपचारात काहीच बदलत नाही; फार तर चार प्रश्न जास्त विचारले जातात.

आपल्या वडिलांचा अभ्यास मात्र या गटातला नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. तेथे कोणत्या रुग्णाला कोणते ड्रेसिंग मिळेल हे संशोधनाच्या आराखड्यानुसार ठरणार आहे. भूल विभागात दोन औषधांची तुलना होते आणि अस्थिरोग विभागात प्लेट बरी की सळई बरी हे पाहिले जाते, त्याच जातीचा हा अभ्यास आहे. तरीही 'प्रयोग' या शब्दाने जी धडकी भरते ती येथे बहुधा अनाठायी आहे, कारण दोन्ही पद्धती आधीपासून वापरात आहेत. साध्या पद्धतीत सलाइनने जखम धुऊन गॉज बांधतात. व्हॅक्यूम पद्धतीत जखमेवर स्पंज ठेवून वर पारदर्शक पट्टी चिकटवतात आणि नळीने जोडलेल्या यंत्राने आतील स्राव ओढून घेतात. अशा तुलनेला मंजुरी देताना समिती पहिला प्रश्न हाच विचारते की, या रुग्णांसाठी यांतली कोणती पद्धत सरस आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे का? ठाऊक असेल, तर दुसऱ्या गटाला मुद्दाम कमी प्रतीचे उपचार दिल्यासारखे होईल आणि अभ्यास तेथेच थांबेल.

आता कोणाला कोणते ड्रेसिंग हे ठरवणाऱ्या चिठ्ठीचा भाग, कारण नातेवाइकांचे मन येथेच सर्वांत जास्त दुखावते. बंद, अपारदर्शक पाकिटांवर क्रमांक असतात, रुग्णाने होकार दिल्यावर पुढचे पाकीट उघडले जाते आणि आत जे लिहिलेले असेल ते ड्रेसिंग त्याला मिळते. "माझ्या बापाचा पाय नशिबावर का सोडता?" असा सवाल एका मुलाने आमच्या एका निवासी डॉक्टरला केला होता, आणि तो मला मुळीच गैर वाटला नाही. पण उलट बाजू अशी आहे की, निवड डॉक्टरवर सोडली तर तो नकळत बऱ्यापैकी जखमांना यंत्र लावील आणि काळवंडलेल्या, बोट वाचण्याची आशा नसलेल्या जखमांना साधे गॉज बांधील. मग सहा महिन्यांनी यंत्र जिंकलेले दिसेल, मात्र तो विजय यंत्राचा नसून निवडलेल्या जखमांचा असेल. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक मधुमेही शेतकऱ्याला त्या चुकीच्या निष्कर्षाची किंमत मोजावी लागेल. चिठ्ठीमुळे दोन्ही गटांत बऱ्या-वाईट जखमा साधारण सारख्या वाटल्या जातात, म्हणून ती टाकतात. जखम बिघडू लागली तर चिठ्ठीत काहीही असले तरी ड्रेसिंग बदलायचे किंवा रुग्णाला अभ्यासातून बाहेर काढायचे, ही अट आराखड्यात लिहिलेली असते. ती माहितीपत्रकात आहे का, ते आपण जरूर पाहा.

माहितीपत्रकाच्या मराठीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण समितीत माझे खरे काम तेच आहे. निवासी डॉक्टरांना कामातून श्वास घ्यायला सवड नसते, त्यामुळे इंग्रजी मजकूर संगणकाच्या हवाली करून आलेले भाषांतर ते जसेच्या तसे जोडतात. मोतीबिंदूच्या एका अभ्यासात 'हा दुहेरी आंधळा अभ्यास आहे' असे वाक्य मी स्वतः वाचले आहे. कोणाला कोणता उपचार मिळाला हे रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही ठाऊक नसते, एवढेच मूळ इंग्रजीत म्हणायचे असते. डोळ्यांच्या रुग्णापुढे हा कागद ठेवला असता तर तो पायऱ्या उतरून थेट एस.टी. स्टँडवर गेला असता. 'यादृच्छिक' हा शब्द कोशात बरोबर असला तरी खाटेवर कोणालाच कळत नाही. तेथे 'चिठ्ठी टाकून' असे लिहायला लावतो. पुष्कळ वेळा प्रमाण मराठीही पुरत नाही. एका आईने संमतिपत्र ऐकून झाल्यावर एवढेच विचारले होते, "मन्हा आंडोरनं कितलं रगत काढतस?" (अहिराणीत: माझ्या मुलाचे किती रक्त काढता?) आणि तेव्हा ध्यानात आले की, दोन पानांच्या मजकुरात 'पाच मिलि' असा आकडा होता, पण तो एक चहाचा चमचा होतो हे कोठेही म्हटलेले नव्हते. तेव्हापासून चमच्याचे माप लिहिल्याशिवाय आम्ही कागद पुढे जाऊ देत नाही. अक्कलकुवा-धडगावकडून येणाऱ्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांशी बोलताना त्यांची भाषा जाणणारा माणूस लागतो, आणि अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर राहून त्याचीही सही व्हावी लागते.

सिकलसेलचे अभ्यास आमच्या भागात येतच राहतात, आणि तेथे सुईपेक्षा गुप्ततेचा प्रश्न मोठा ठरतो. तांबड्या रक्तपेशींचा हा आजार आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे दोष अंगी असूनही स्वतः आजारी नसलेले, असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. एखादी मुलगी वाहक असल्याचे गावात फुटले तर तिचे लग्न अडते, जरी ती स्वतः ठणठणीत असली तरी. अशा अभ्यासात रक्त किती घेणार यापेक्षा निकालाचा कागद कोणाच्या हाती देणार, यावर आमची चर्चा जास्त चालते.

हे सर्व संशोधन उच्च प्रतीचे असते असा माझा दावा नाही. तेच ते विषय वर्षानुवर्षे फिरतात, काही प्रबंध परीक्षा झाल्यावर कपाटात जाऊन बसतात, आणि शंभर रुग्णच का घेतले, असे विचारले तर 'मागच्या वर्षीच्या ताईंनी तेवढेच घेतले होते' असे उत्तरही मी ऐकले आहे. पण रुग्णाच्या खाटेशेजारी ठेवलेल्या नोंदींतून काय घडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण तपासता तपासता प्राझोसिन हे रक्तदाबाचे जुने औषध त्यांवर वापरले आणि या दंशाने होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. पुढे २०११ मध्ये त्यांनी ७० रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात दोन्ही गटांना प्राझोसिन दिले होते आणि एका गटाला त्याशिवाय विंचूविषावरचे प्रतिविषही (विषाचा उतारा) दिले होते. तो गट लवकर बरा झाला. कोणालाही औषधाविना ठेवले नव्हते, ही गोष्ट आपल्या शंकेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

आता व्यवहाराचे बोलतो. माहितीपत्रकाची एक प्रत मागून घ्या. ती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. केवळ संशोधनापुरत्या ज्या तपासण्या किंवा जे साहित्य लागेल त्याचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही, तेव्हा व्हॅक्यूमचा स्पंज बाहेरून आणायला सांगणार का, हे आधीच विचारा. सुट्टी मिळाल्यावर तपासणीसाठी किती वेळा यायचे आणि बसभाडे कोण देणार, हेही विचारून ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या अभ्यासांतले रुग्ण परत येत नाहीत आणि दोष मात्र त्यांच्या अडाणीपणाला दिला जातो, ते मला पटत नाही. उपचारांची तुलना करणारे अभ्यास भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदणीवर नोंदवले जातात. ही नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली आणि संकेतस्थळावर ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. डॉक्टरकडून नोंदणी क्रमांक घेतला की अभ्यासाचा आराखडा आपण स्वतः वाचू शकता. नकार दिल्यास नेहमीचे उपचार तसेच चालू राहिले पाहिजेत, आणि होकार देऊन नंतर माघार घेतली तरी कारण सांगावे लागत नाही. तरीही कोणी तोंड वाकडे केले, तर माहितीपत्रकाच्या शेवटी समितीच्या सदस्य-सचिवांचा दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो. तो सजावटीसाठी नाही. असे फोन आम्हाला आले आहेत आणि त्यावरून निवासी डॉक्टरला बोलावून जाबही विचारला गेला आहे.

आपल्या प्रश्नातली एक गोष्ट मात्र मला खटकली. वडील शुद्धीवर आहेत, बोलतात, जेवतात, असे आपण लिहिले आहे, आणि सही मात्र आपल्याकडे मागितली गेली. आपल्याकडे वयस्क माणूस दाखल झाला की कागद मुलापुढे सरकवण्याची रीतच पडली आहे. समज शाबूत असलेल्या प्रौढ रुग्णाच्या वतीने मुलाला अशी संमती देता येत नाही. पाय त्यांचा आहे, सहीही त्यांचीच हवी. उद्या राउंड संपला की त्या डॉक्टरला बोलावून घ्या, आपण खाटेजवळ बसा, आणि माहितीपत्रक वडिलांनाच, त्यांना समजेल अशा बोलीत, वाचून दाखवायला सांगा. ते जे ठरवतील ते त्यांच्या हाताने लिहू द्या.