ब्रेक्झिटनंतरची टंचाई: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

भारत-ब्रिटन व्यापार करारावरच्या लेखानंतर आलेले बरेच प्रश्न करारापेक्षा ब्रेक्झिटबद्दलच निघाले. उत्तरांआधी तारखा सांगतो, कारण निम्मा गोंधळ तारखांचाच असतो. सार्वमत २३ जून २०१६ ला झालं, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, म्हणजे ब्रेक्झिट झालं, ३१ जानेवारी २०२० ला. पण एकसंध बाजारपेठ आणि माणसांची मोकळी ये-जा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत चालू होती. टंचाईची खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. हे कोविडमुळे की ब्रेक्झिटमुळे? लंडनला असलेला माझा मेहुणा कोविडला दोष देतो, त्याची बायको ब्रेक्झिटला. (पुणे)

पेट्रोल मुळात कमी पडलंच नव्हतं. डेपोत साठा होता, तो पंपापर्यंत नेणारे चालक नव्हते. मालवाहतूकदारांच्या संघटनेचा तेव्हाचा अंदाज सुमारे एक लाख चालक कमी असल्याचा होता. यातली काही दुखणी जुनी. चालकांचं वय वाढलेलं, पगार कमी, रात्री रस्त्याकडेला गाडीतच झोपायचं आणि जवळपास स्वच्छतागृहही नाही, म्हणून तरुण या धंद्यात येत नव्हते. कोविडमध्ये अवजड वाहनांच्या परवान्याच्या हजारो चाचण्या रद्द झाल्या. एप्रिल २०२१ मध्ये करनियम बदलले आणि स्वतःची छोटी कंपनी दाखवून काम करणाऱ्या चालकांच्या हातात पडणारे पैसे घटले. पूर्व युरोपातले बरेच चालक कोविडच्या काळात घरी गेले होते, त्यातले अनेक परतलेच नाहीत.

मेहुणे इथे म्हणतील, चालक पोलंडमध्ये आणि जर्मनीतही कमी होते. खरं आहे. पण तिथे पंप कोरडे पडले नाहीत. जर्मनीत चालक कमी पडला तर लिथुआनियाचा किंवा रुमेनियाचा ट्रक ती खेप मारतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ब्रिटनमध्येही आधी हेच चालायचं. माल उतरवलेला परदेशी ट्रक परतीच्या वाटेवर देशांतर्गत भाडी घ्यायचा. ब्रेक्झिटनंतरच्या नव्या करारात त्यावरची मर्यादा कडक झाली: सात दिवसांत तीनऐवजी दोनच खेपा. टंचाई हाताबाहेर गेल्यावर सरकारने हीच अट एप्रिल २०२२ अखेरपर्यंत सैल केली. ब्रेक्झिटचा यात काहीच हात नव्हता, असं मानणाऱ्यांनी या सवलतीचं कारण सांगावं.

थोडक्यात, कोविडने घरातला पिठाचा डबा रिकामा केला आणि ब्रेक्झिटने वाटी घेऊन शेजारी जायचं दार लावून घेतलं. एका तेलकंपनीने २३ सप्टेंबरला काही पंप बंद ठेवावे लागतील असं सांगितलं आणि घबराटीने बाकीचं काम केलं. ४ ऑक्टोबरपासून लष्कराचे सुमारे २०० जण कामाला लागले. चालकांसाठी ५,००० तात्पुरते व्हिसा जाहीर झाले, तेही आधी फक्त नाताळपर्यंतचे. घराजवळ पक्की नोकरी असलेला पोलिश चालक तीन महिन्यांसाठी ती सोडून येईल, अशी कल्पना ज्याला सुचली त्याने कधी चालकाशी चार शब्द बोललेले नसावेत. आले अगदी मोजकेच.

त्याच आठवड्यांत शीतपेये आणि मांसउद्योगाला लागणारा कार्बन डायऑक्साइड वायूही संपत आला होता. तो मात्र ब्रेक्झिटच्या खात्यात टाकू नका. नैसर्गिक वायूचे भाव भडकल्यामुळे दोन खतकारखाने बंद पडले होते आणि कार्बन डायऑक्साइड त्यांचं उपउत्पादन होता.

ब्रिटन आणि युरोपीय संघात शून्य शुल्काचा करार आहे. मग माल सीमेवर अडतो कशासाठी? डोव्हरच्या ट्रकांच्या रांगांचे फोटो अजून फिरतात. (कोल्हापूर)

शून्य शुल्क मिळतं ते या दोन्हींपैकी कुठेतरी ‘बनलेल्या’ मालाला. तिरुपूरचे टी-शर्ट ब्रिटनच्या गोदामात उतरवून तिथून डब्लिनला पाठवले, तर त्यांचं मूळ भारतच राहतं आणि आयर्लंडमध्ये शिरताना पुन्हा शुल्क लागू शकतं. मार्क्स अँड स्पेन्सरच्या ‘पर्सी पिग’ गोळ्यांचं उदाहरण जानेवारी २०२१ मध्ये गाजलं होतं. गोळी जर्मनीत बनते, ब्रिटनला येते आणि तिथून आयर्लंडच्या दुकानात जाते. युरोपातच बनलेली, पण ब्रिटनमार्गे युरोपात परत जाताना शुल्काच्या कचाट्यात सापडली. म्हणून मग कंपन्यांनी युरोपसाठी वेगळी गोदामं घेतली, बऱ्याच जणांनी नेदरलँड्समध्ये.

दुसरी अडचण मांस, मासे, दूध, रोपं यांची. या मालाबरोबर पशुवैद्याच्या किंवा वनस्पती-निरीक्षकाच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. एका ट्रकमध्ये वीस जणांचा माल असेल आणि एकाचा कागद चुकला, तर एकोणीस जण त्याच्याबरोबर ताटकळतात. मोठी कंपनी आख्खा ट्रक भरते आणि कस्टमचं काम बघायला माणसं ठेवते. मरतो तो छोटा निर्यातदार. स्कॉटलंडचे खेकडे आणि शिंपले युरोपात पोचेपर्यंत खराब व्हायला लागले, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मासेव्यापाऱ्यांनी ट्रक थेट लंडनला पंतप्रधानांच्या निवासाजवळ आणून उभे केले. त्याच महिन्यात हॉलंडच्या बंदरावर ब्रिटनहून आलेल्या चालकांच्या डब्यातली हॅमची सँडविच कस्टमवाल्यांनी जप्त केली. मांस म्हणजे मांस!

गंमत अशी की युरोपीय संघाने तपासणी पहिल्या दिवसापासून सुरू केली, आणि ब्रिटनने स्वतःच्या सीमेवरची पुन्हापुन्हा पुढे ढकलली. खाद्यमालाची प्रत्यक्ष तपासणी सुरू व्हायला ३० एप्रिल २०२४ उजाडला. म्हणजे सव्वातीन वर्षांहून जास्त काळ ब्रिटिश शेतकरी कागदांत गुरफटलेला आणि त्याचा युरोपीय स्पर्धक मोकळा. मे २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी खाद्यमालाच्या तपासण्या कमी करणाऱ्या कराराकडे जायचं ठरवलं. बाहेर पडताना जे नियम नकोसे झाले होते, त्यांच्याच जवळ जाण्याची ही तयारी आहे.

फोटोंचं म्हणाल, तर ते डिसेंबर २०२० चे असतील तर कारण वेगळं आहे. कोरोना विषाणूच्या नव्या प्रकाराच्या भीतीने तेव्हा फ्रान्सने सीमाच बंद केली होती. डोव्हर ज्यात येतं त्या केंटमध्ये हजारो ट्रक अडकले होते आणि ग्रेव्हजेंडच्या गुरुद्वाऱ्यातून चालकांना गरम जेवण गेलं होतं.

आमचा द्राक्षाचा माल रॉटरडॅमला उतरायचा आणि त्यातला काही तिथूनच इंग्लंडला जायचा. आता काय करावं? (निफाड)

आता ही दोन वेगळी गिऱ्हाइकं समजा. रॉटरडॅमला शुल्क भरून माल सोडवला आणि मग इंग्लंडला पाठवला, तर तिथे ती नवी आयात ठरते. द्राक्ष भारतीय असल्याने युरोप-ब्रिटन कराराची शून्य शुल्काची सवलत लागत नाही. पर्याय दोन: इंग्लंडचा माल पहिल्यापासून वेगळ्या कंटेनरमध्ये थेट तिथल्या बंदराला लावा, किंवा युरोपात न सोडवता नुसता पुढे जाणारा माल म्हणून कागद करा. दुसऱ्या पर्यायात एजंट चांगला हवा.

खरा धोका शुल्काचा नसून फवारणीच्या औषधांच्या अवशेषांचा आहे. जानेवारी २०२१ ला दोन्हींकडची कमाल मर्यादांची यादी जवळपास एकच होती. त्यानंतर ब्रिटन आपल्या मर्यादा स्वतः ठरवतो आणि युरोपीय संघाने केलेला बदल तिथे आपोआप लागू होत नाही. उत्तर आयर्लंड मात्र युरोपच्या नियमांवर चालतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांवरून युरोपात माल अडकला होता, ते नाशिकला सांगायला नको. कोणती यादी पाळायची हे माल भरताना विचारून उपयोग नाही. फळछाटणीच्या आधीच निर्यातदाराकडून लिहून घ्या, कारण फवारणीचं वेळापत्रक तिथून ठरतं. सुपरमार्केटवाल्यांच्या स्वतःच्या अटी अनेकदा सरकारपेक्षा कडक असतात, त्याही मागून घ्या.

२४ जुलै २०२५ ला सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात भारताच्या सुमारे ९९ टक्के वस्तुप्रकारांवरचं ब्रिटिश शुल्क जातं. त्याचा फायदा घ्यायला मूळ देशाचा पुरावा लागेल, आणि अवशेषचाचणीतून करार कुणालाच सोडवत नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो: २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. नाजूक द्राक्षाला हा फटका ब्रेक्झिटपेक्षा मोठा होता.

इंग्लंडच्या शेतात तिथलेच लोक कामाला का जात नाहीत? आमच्याकडेही विरळणीला पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या वेळेवर आल्या नाहीत तर बाग हातची जाते. (दिंडोरी)

तुमच्या प्रश्नात उत्तराची सुरुवात आहेच. हंगामी काम म्हणजे थोड्या आठवड्यांत खूप हात, आणि ते हात गावात वर्षभर बसून नसतात. लिंकनशायरमधलं बॉस्टन घ्या. कोबी-फ्लॉवरचा पट्टा, भाजी निवडून भरणारी पॅकहाउसं, आणि कामाला पोर्तुगीज, पोलिश, लिथुआनियन, लाटव्हियन माणसं. याच बॉस्टनमध्ये ७५.६ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने पडली, देशात सर्वात जास्त. बाहेरचे कष्टाला हवेत, पण शाळेत, दवाखान्यात आणि भाड्याच्या घरांत त्यांची गर्दी नको, हे तिथल्या मतदाराचं म्हणणं होतं. त्याला नुसतं मूर्ख म्हणून मोकळं होता येत नाही. घरभाडं खरंच वाढलं होतं, पगार खरंच साचून राहिला होता.

२०२० मध्ये स्थानिकांनी पिकं काढायला जावं म्हणून सरकारने मोहीम काढली. फार थोडे टिकले, पुढच्या वर्षी मोहीम गुंडाळली. पहाटे सुरू होणारं काम, शेतावरच्या कॅराव्हॅनमध्ये राहणं आणि हंगाम संपला की पुन्हा बेकारी, हे घर-संसार असलेल्या माणसाला परवडत नाही. मग हंगामी व्हिसा वाढत गेले: २०१९ ला २,५००, २०२१ ला ३०,०००, आणि पुढची काही वर्षंही वाढच. मुदत सहा महिने. आधी बहुतेक युक्रेनचे आले. २०२२ च्या युद्धानंतर मध्य आशिया, नेपाळ, इंडोनेशिया असं करत भरतीचं वर्तुळ लांब लांब गेलं. पोलंडचा मजूर बसने यायचा, हा विमानाने येतो आणि काही जण दलालाचं देणं डोक्यावर घेऊन येतात. आपल्याकडे मुकादम उचल देतो म्हणून मजूर बांधला जातो. तिथे मजूर कामाला लागण्याआधीच कर्ज काढतो.

सर्वात वाईट अवस्था डुकरं पाळणाऱ्यांची झाली. कत्तलखान्यात कसाई नव्हते, त्यामुळे वाढ झालेली जनावरं गोठ्यातच अडली आणि हजारो निरोगी डुकरं शेतावरच मारून टाकावी लागली. तेव्हा ८०० कसायांसाठी तात्पुरते व्हिसा निघाले. सुपरमार्केटमध्ये मात्र डुकराचं मांस होतंच. आयात केलेलं!

फेब्रुवारी २०२३ मध्ये काही सुपरमार्केटांत टोमॅटोची माणशी तीनच पाकिटं मिळत होती, तेही ब्रेक्झिटमुळेच ना? (ठाणे)

मुख्यतः नाही. स्पेन आणि मोरोक्कोत थंडीने पीक मागे पडलं होतं, आणि वीज-गॅस महाग झाल्याने इंग्लंडच्या हरितगृहवाल्यांनी लागवडच उशिरा केली. पण माल कमी असताना विकणारा आधी सोपं गिऱ्हाईक बघतो, आणि समुद्र ओलांडून कागद करायला लावणारं गिऱ्हाईक सोपं नसतं. तेव्हाच्या पर्यावरणमंत्री बाईंनी मोसमात मिळणारे सलगम खाण्याकडे लोकांचं लक्ष वेधलं होतं. त्यांची थट्टा झाली ती झालीच.

माझा आतेभाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गोदामात कामाला आहे. मीही पोर्तुगालला नोंदणी करून तिकडे जाऊ शकतो का? (म्हापसा)

ब्रिटनला, त्या वाटेने, नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट आहे, आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंत त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहून काम करता येत होतं. त्याआधी पोचलेल्यांना ‘ईयू सेटलमेंट स्कीम’ या, तिथे आधीच राहणाऱ्या युरोपीय नागरिकांसाठीच्या योजनेत अर्ज करायचा होता. मुदत ३० जून २०२१ ला संपली. तुमच्या भावाचा तात्पुरता दर्जा असेल तर तो कायम झाला का, हे त्याने तपासावं. आज नवा पोर्तुगीज ब्रिटनच्या दृष्टीने तुमच्यासारखाच परदेशी आहे. तिथे राहून काम करायला त्यालाही व्हिसा लागतो.

तो पासपोर्ट पोर्तुगाल, जर्मनी, आयर्लंड इथे चालतो. पण एजंट ‘आधी आयर्लंड, तिथून इंग्लंड’ सांगत असेल तर उठून या. त्या दोन देशांतली मोकळीक फक्त त्यांच्या स्वतःच्या नागरिकांना आहे. आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. घर, जमीन, आई-वडील गोव्यात असताना हा निर्णय नुसत्या पगाराच्या आकड्यावर घेऊ नये.

मुलगा लेस्टरला एमएस्सी करतोय. तिथे माणसं मिळत नाहीत म्हणता, मग त्याला नोकरी का मिळत नाही? (सांगली)

कारण टंचाई एका मजल्यावर आहे आणि व्हिसा दुसऱ्या. माणसं कमी पडली ती ट्रक, शेत, कत्तलखाना, हॉटेल, वृद्धांची सेवा इथे. कुशल कामगार व्हिसाची साधारण पगारमर्यादा मात्र २०२१ मध्ये वर्षाला २५,६०० पौंड होती, ती २०२४ मध्ये ३८,७०० आणि जुलै २०२५ पासून ४१,७०० झाली, शिवाय काम साधारण पदवीच्या पातळीचं हवं. नव्या पदवीधरांना सवलतीची मर्यादा आहे, तीही थोडी नाही. वृद्धसेवेचं दार फेब्रुवारी २०२२ मध्ये उघडलं होतं आणि भारतातून बरेच जण गेले. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरती बंद झाली. स्थलांतर कमी करायचं म्हणून संघ सोडलेल्या देशात जून २०२३ पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांवर गेलं, त्याची ही प्रतिक्रिया आहे.

मुलाला पदवीनंतरचा काम-व्हिसा मिळेल. सध्या तो दोन वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षाचा. ही मुदत हॉटेलातल्या शिफ्टमध्ये संपवू नये. पहिल्या महिन्यापासून परदेशी कर्मचारी ठेवण्याचा परवाना असलेल्या कंपन्यांनाच अर्ज करावेत. त्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. आणि कुणी पैसे घेऊन प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणालं, तर एक रुपयाही देऊ नका. पैसे बुडतातच, वर व्हिसाही धोक्यात येतो.