जुनी टू-स्ट्रोक क्वाड बाइक (यामाहा ब्लास्टर) घ्यावी का आणि सांभाळायची कशी?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनमध्ये राहता, २००१ ची ब्लास्टर १,६०० डॉलरला मिळतेय, मालक म्हणतो ‘इंजिन नुकतंच केलंय’, आणि कॉलेजात आरएक्स १०० चालवल्यामुळे टू-स्ट्रोकची भीती वाटत नाही. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींचीच मला काळजी वाटते.

‘इंजिन नुकतंच केलंय’ यावर विश्वास ठेवून मी स्वतः पोळलोय. माझी ब्लास्टर १९९९ ची. विकणाऱ्याने नव्या पिस्टनची आणि रिंगांची पावतीसुद्धा दाखवली आणि ती खरी होती. तिसऱ्या रविवारी मिशिगनमधल्याच सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकडीवर चढताना, अर्ध्या चढात इंजिन एकदा किंचाळलं आणि मागची दोन्ही चाकं जाम. घरी आणून हेड उतरवलं तर नवाकोरा पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने खरवडलेला, त्याचं अ‍ॅल्युमिनियम बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चिकटलेलं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कारण सापडलं. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये जो रबरी मॅनिफोल्ड असतो, त्याला खालच्या बाजूने केसाएवढी चीर होती. आधीच्या मालकाचा पिस्टनही तिनेच खाल्ला असणार. त्याने पिस्टन बदलला, चीर तशीच ठेवली.

आपल्याकडचे मिस्त्री याला ‘गाडी एअर घेतेय’ म्हणतात. फोर-स्ट्रोकमध्ये एवढ्याने फार तर गाडी अडखळते. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाचं तेल पेट्रोलबरोबरच आत येतं, त्यामुळे चोरून हवा शिरली की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), उष्णता वाढते आणि नेमक्या त्याच वेळी तेलही कमी पडतं. म्हणून मालकाला एकच प्रश्न विचारा: आधीचा पिस्टन का गेला? ‘क्रँकचं सील गळत होतं, तेही बदललं’ असं काही उत्तर आलं तर पुढे बोला. त्याने नुसते खांदे उडवले, तर गाडीच्या किमतीत आणखी एक पिस्टन आणि बोअरिंगचा खर्च धरूनच घासाघीस करा.

बघायला जाण्याआधी फोनवर सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यागेल्या सिलिंडरला हात लावा. कोमट लागला, तर थंड इंजिन किती किकमध्ये सुरू होतं हे तुमच्यापासून लपवलं गेलंय असं समजा. (ब्लास्टरला सेल्फ नाहीच, फक्त किक.) कॉम्प्रेशन गेज सोबत न्या, सुट्या भागांची बरीच दुकानं अनामत घेऊन ते वापरायला देतात. प्लग काढून गेज बसवायचा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा आणि काटा थांबेपर्यंत किक मारत राहायच्या. १२० पीएसआय (दाबाचं माप) किंवा वर आलं तर ठीक, १०० च्या खाली आलं तर पिस्टन-रिंगांचं काम निघालंच. पण नुसत्या या आकड्यावर भाळू नका. पिस्टन नवा असेल तर एअर घेणारी गाडीही झकास कॉम्प्रेशन दाखवते. माझीने दाखवलं होतं.

म्हणून गाडी गरम झाल्यावर रेस देऊन सोडा आणि कान द्या. आवाज पटकन खाली यायला हवा. वरच लटकून राहिला आणि हळूहळू उतरला, तर शंका घ्या. मग इंजिन चालू असताना त्या रबरी मॅनिफोल्डभोवती कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारायचा (गरम सायलेन्सरपासून लांब). आवाज बदलला की चीर तिथेच. खरी परीक्षा म्हणजे इनलेट आणि एक्झॉस्ट बंद करून ६ पीएसआय हवा भरायची आणि ६ मिनिटं टिकते का बघायचं. विकणाऱ्याच्या दारात हे जमत नाही, पण घरी आणल्यावर पहिल्या फेरीआधी करायचं काम हेच. गिअरचं ऑइल मात्र तिथेच बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पेट्रोलचा वास मारत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील संपलंय.

आता तुमच्या आरएक्स १०० बद्दल. तिला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप होता. तुम्ही साधं पेट्रोल भरायचात, पंप आपलं काम करायचा. ब्लास्टरही कारखान्यातून तशीच यायची. पण जुन्या पंपावर भरवसा नको म्हणून इथल्या अनेकांनी तो काढून टाकलाय आणि ते पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. अशा गाडीत तुम्ही आरएक्सच्या सवयीने नुसतं पेट्रोल भरलंत, तर पहिल्याच चकरेत इंजिन जाम. तेव्हा पंप आहे की नाही हे मालकाला विचारा आणि स्वतःच्या डोळ्यांनीही बघा. काढला असेल तर त्याच्या जागी छोटी बंद पट्टी ठोकलेली दिसेल. इथे तुमच्या आरएक्सपेक्षा वडिलांच्या चेतकचा अनुभव जास्त कामाचा. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या मापाने ऑइल टाकायचा आणि मग स्कूटर हलवून मिसळायची, ते आठवा.

मी ३२ ला १ मिसळतो. एका गॅलनला ४ औंस, म्हणजे लिटरला साधारण ३१ मिलि. मिश्रण डब्यातच करायचं, गाडीच्या टाकीत अंदाजाने ओतायचं नाही. डब्यावर मार्करने तारीख लिहायची आणि महिन्याभरात संपवायचं. ऑइल जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) असं लिहिलेलं घ्या. बोटींसाठीचं टीसी-डब्ल्यू३ स्वस्त दिसतं, पण ते पाण्याने थंड राहणाऱ्या, कमी तापणाऱ्या इंजिनांसाठी आहे. ब्लास्टरचं १९५ सीसीचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं.

बाकी गाडी पाहायला पंधरा मिनिटं पुरतात. मागचं चाक धरून वर-खाली, आत-बाहेर हलवा, म्हणजे एक्सलचं बेअरिंग कळतं. पुढची चाकंही तशीच हलवा, बॉल जॉइंट आणि टाय रॉड बोलतील. चासीच्या वेल्डिंगवर ताजा रंग दिसला तर कारण विचारा. २००२ पर्यंतच्या गाड्यांना पुढे ड्रम ब्रेक आहेत, डिस्क २००३ पासून आल्या. त्यामुळे ब्रेक थोडे ढिले वाटले तर घाबरू नका, लायनर मात्र तपासा. आणि मिशिगनमध्ये या गाडीलाही टायटल (मालकीचा कागद) लागतं. त्यावरचा नंबर चासीच्या नंबराशी जुळत नसेल तर तिथूनच परत फिरा, गाडी कितीही चकाचक असो.

अर्ध्या थ्रॉटलनंतर गाडी खोकत असेल तर लगेच कार्बोरेटरला दोष देऊ नका. थ्रॉटल अडकला तर इंजिनाचा स्पार्क तोडणारी एक यंत्रणा यात आहे. तिचे स्विच जुने झाले, किंवा पार्किंग ब्रेक किंचित ओढलेला राहिला, तरी हीच लक्षणं दिसतात. माझा एक अख्खा शनिवार यात गेलाय, तीन वेळा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) बदलून झाल्यावर.

जेटवरून सांगतो. थंड हवा घट्ट असते, त्यामुळे जुलैत बरोबर चालणारी गाडी नोव्हेंबरात पातळ मिश्रणावर चालते. हिवाळ्यात चालवणार असाल तर मेन जेट एक-दोन नंबर मोठा टाका आणि प्लगचा रंग बघत राहा. चहासारखा तपकिरी हवा. पांढरा दिसला की थांबायचं. लांब उतारावर थ्रॉटल मिटून गिअरमध्ये गाडी सोडू नका. इंजिन गरगर फिरत असतं आणि पेट्रोलच येत नसल्यामुळे ऑइलही मिळत नाही. क्लच दाबून मधूनमधून थोडी रेस द्या. वाळूत फिरून आलात की फोमचा एअर फिल्टर त्याच रात्री धुवा, वाळवा, फिल्टरचं ऑइल लावून बसवा. हे दोनदा टाळलंत, तर बोअर वाळूने घासून निघेल.

तेरा वर्षांच्या मुलालाही चालवायला देणार, असं तुम्ही सहज लिहून गेलात. नको. १६ वर्षांखालच्यांसाठी ही गाडी नाही, तसं स्टिकर तिच्यावरच असतं, आणि मागे कुणाला बसवण्यासाठीही ती बनलेली नाही. ती हलकी आहे आणि पॉवर एकदम येते; उलटली तर अंगावर येते. त्याच्यासाठी वेगळी लहान गाडी बघा.

नोव्हेंबरात गाडी ठेवताना कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सोडून पेट्रोल पूर्ण काढा. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि एप्रिलपर्यंत पायलट जेट (सगळ्यात बारीक जेट) बुजवून टाकतं. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल टाकून दोन-चार वेळा सावकाश किक ढकला. एअर बॉक्सच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबा, कारण उंदरांना ती जागा फार आवडते. आणि किकला एक चिठ्ठी बांधा, ‘बोळा काढ’.